जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर: निवडताना आणि घरी सुधारताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माळ्यावरून खाली काढलेला, मामांनी आखातातून आणलेला किंवा जुन्या बाजारात नजरेत भरलेला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर हाताशी आला की प्रश्न सुरू होतात. इथली उत्तरं साधारण १९७० ते १९८५ या काळातल्या ट्रान्झिस्टरवाल्या अ‍ॅम्पसाठी आहेत. व्हॉल्व्हच्या सेटमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट डीसी खेळत असतं. ते काम शिकायचं तर जाणत्या माणसाच्या शेजारी बसून शिकावं, म्हणून तो विषय इथे घेतलेला नाही. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आधी दुरुस्ती, मग सुधारणा. अ‍ॅम्प मूळच्या तब्येतीवर आला की सुधारणांची निम्मी यादी आपोआप गळून पडते.

कोणत्या कंपनीचा घ्यावा?

आपल्याकडे दोन प्रकारचा माल फिरतो. एक इथेच बनलेला: १९७० साली कोलकात्यात सुरू झालेली सोनोडाइन, शिवाय कॉस्मिक, नॉर्ज, फिलिप्स. दुसरा बाहेरून आलेला: सॅन्सुई, पायोनियर, अकाई, टेक्निक्स, मारांट्झ, यामाहा. आयातीवर कडक बंधनं होती त्या काळात आखातात नोकरीला गेलेल्या माणसांनी यातले बरेच सेट सामानातून घरी आणले.

नावाला भुलू नका. आतून कुणी हात न लावलेला साधा सोनोडाइन आणि तीन मेकॅनिकांनी तीन तऱ्हांनी जोडलेला नामांकित सॅन्सुई समोर असेल, तर मी डोळे झाकून सोनोडाइन उचलेन. दुसरी कसोटी कागदाची. ज्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळतं, तेच घ्या. नकाशाशिवाय बायस (गाणं नसतानाही आउटपुट ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट) किती ठेवायचा हेही कळत नाही.

पहिलाच अ‍ॅम्प असेल तर रचना साधी हवी. १९७८ चा नॅड ३०२० हे त्याचं चांगलं उदाहरण. चॅनेलला २० वॅट, दर्शनी भाग अगदी साधा, आणि मागच्या बाजूला प्रीअ‍ॅम्प व पॉवर अ‍ॅम्प वेगळे करता येतील अशा धातूच्या जोडकड्या. बिघाड पुढच्या अर्ध्यात आहे की मागच्या, हे त्या कड्या काढून दोन मिनिटांत कळतं. मात्र त्या कड्या गंजल्या की एक बाजू मधूनच गायब होते. मेकॅनिक गाठण्याआधी त्या काढून पुसून पाहा.

वीस वॅट म्हणजे फारच कमी नाही का? आमच्या जुन्या टू-इन-वनवर तर हजारो वॅट लिहिलं होतं.

ते ‘पीएमपीओ’, म्हणजे क्षणभराच्या कमाल शक्तीचे वॅट होते. त्या आकड्याला मोजणीचा काही ठरलेला नियम नव्हता. अमेरिकेतही अशीच फुगवाफुगवी चालायची. १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला आणि कंपन्यांना सलग मिळणारी शक्ती, तीही किती ओहमवर आणि किती डिस्टॉर्शनला, हे लिहावं लागलं. म्हणून त्यानंतरच्या सेटवरचे २० वॅट बहुधा खरे २० वॅट असतात.

शक्ती दुप्पट झाली की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा स्पीकर २० वॅटला १०३ डेसिबलपर्यंत जातो. फ्लॅटमधल्या हॉलसाठी एवढं पुष्कळ झालं. वीसचे चाळीस वॅट करण्यापेक्षा जरा जास्त संवेदनशील स्पीकर शोधणं केव्हाही शहाणपणाचं.

विकत घेताना काय तपासू?

मुंबईत लॅमिंग्टन रोड किंवा चोरबाजार, पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार, किंवा ओळखीच्या कुणाचं घर. कुठेही जा, पण सोबत मल्टीमीटर, फोन आणि त्याची वायर, आणि फुटला तरी हळहळ वाटणार नाही असा एखादा जुना स्पीकर न्या.

आधी बंद सेट बघा. झाकणाच्या स्क्रूच्या खाचा झिजलेल्या असतील तर आत बरेच हात लागलेत. मागचा फ्यूज काढून बघा. काचेच्या फ्यूजऐवजी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली दिसली, तर हा सेट फ्यूज उडण्याचं कारण न शोधता पुढे ढकललेला आहे. झाकण उघडू दिलं तर आउटपुट ट्रान्झिस्टरचे नंबर वाचा. एका चॅनेलवर मूळ जोडी आणि दुसऱ्यावर भलताच नंबर असेल, तर तो चॅनेल एकदा जळून गेलाय. ट्रान्सफॉर्मरजवळ नाक न्या. जळक्या वार्निशचा वास लपत नाही.

मग सेट चालू करून घ्या. ‘करंट नाही इथे, पण चालतो, गॅरंटी’ असं ऐकलं तर बिघडलेल्या सेटचीच किंमत बोला. प्रोटेक्शन रिले असलेला अ‍ॅम्प चालू केल्यावर काही सेकंदांनी ‘टक्’ असा आवाज देतो. तो आलाच नाही तर आउटपुटला डीसी असण्याची शक्यता मोठी. स्पीकर जोडण्यापूर्वी व्हॉल्यूम शून्यावर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलवर मीटर डीसी मिलीव्होल्टवर लावा. २०-३० च्या आत आलं तर उत्तम, ५० पर्यंत चालेल. शेकड्यात गेलं तर दुरुस्ती आली. व्होल्टमध्ये गेलं तर तो सेट तुमचा स्पीकर जाळेल.

खरखरणारा व्हॉल्यूम, न पेटणारा डायलचा दिवा, अडकणारं सिलेक्टर ही किरकोळ दुखणी आहेत. यांच्यावर भाव पाडून घ्या. जळका ट्रान्सफॉर्मर, पाणी शिरलेला सेट आणि तुटलेली सर्किट प्लेट यांना मात्र लांबूनच नमस्कार.

मागे १०० किंवा १२० व्होल्ट लिहिलंय. आपल्याकडे चालेल?

थेट आपल्या प्लगमध्ये खुपसलात तर क्षणात संपेल. आधी मागच्या बाजूला व्होल्टेज सिलेक्टर आहे का बघा. निर्यातीसाठी बनलेल्या बऱ्याच जपानी सेटवर ११०, १२०, २२०, २४० असे पर्याय असतात. आपल्या २३० ला, त्यातही रात्री व्होल्टेज चढणाऱ्या भागात, २४० ची खूण निवडा. त्यासोबत फ्यूजही बदलावा लागतो. व्होल्टेज दुप्पट झालं की करंट निम्मा होतो, म्हणून १२० व्होल्टवर ५ अँपिअरचा फ्यूज असेल तर २४० वर अडीचचा. हे बहुतेक जण विसरतात आणि मग फ्यूज नावापुरताच उरतो.

सिलेक्टर नसेल तर बाहेरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर. मागच्या पट्टीवर २५० वॅट लिहिलं असेल तर ५०० व्हीए घ्या. लहान घेतला तर तो गुरगुरतो आणि तापतो. जपानच्या घरगुती बाजारातला सेट १०० व्होल्टचा असतो आणि इथे मोठी गफलत होते. दुकानदार ११० चा ट्रान्सफॉर्मर देतो. आपलं व्होल्टेज २४५ वर गेलं की त्यातून ११७ व्होल्ट बाहेर पडतं, म्हणजे सेटला १७ टक्के जास्त. त्याच्या फिल्टर कंडेन्सरची व्होल्टेजची मर्यादा आधीच काठावर असते. तेव्हा १०० व्होल्टचाच टॅप मागा.

पट्टीवर हर्ट्झही वाचा. जपानमध्ये तोक्योकडे ५० आणि ओसाकाकडे ६० हर्ट्झ आहे, म्हणून तिथले सेट दोन्हींवर चालतात. फक्त ‘६० हर्ट्झ’ लिहिलेल्या अमेरिकी सेटचा ट्रान्सफॉर्मर मात्र आपल्याकडे जास्त तापतो. तो मी टाळतो.

खूप वर्षं बंद होता. लगेच चालू करून बघू का?

नको. आधी झाकण काढून मऊ ब्रशने धूळ झाडा. पालींची अंडी, झुरळं, मुंग्यांची वारूळमाती, उंदराने कुरतडलेल्या वायरी, हे सगळं आपल्याकडच्या सेटमध्ये सापडतं. वाळलेली पाल दोन ट्रॅकमध्ये अडकली तर शॉर्टसर्किट होतं.

मग सिरीज बोर्ड वापरा. इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच: सॉकेटच्या फेजमध्ये एक बल्ब सिरीजमध्ये जोडलेला. बल्ब जुन्या पिवळ्या फिलामेंटचाच हवा, छोट्या सेटला ६० आणि मोठ्याला १०० वॅटचा. एलईडीचा इथे उपयोग नाही. सेट या सॉकेटला लावून, स्पीकर न जोडता चालू करा. बल्ब एकदम उजळून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. पूर्ण तेजाने पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करा. एवढ्याशा बल्बने अनेकांचे महागडे ट्रान्झिस्टर वाचवलेत. माझ्या टेबलावर कुठलाही अनोळखी सेट याशिवाय चालू होत नाही.

आत हात घालण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?

प्लग काढला तरी मोठे फिल्टर कंडेन्सर भरलेले असतात. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडण्याची पद्धत सोडून द्या. त्याने कंडेन्सर आणि प्लेट दोन्ही दुखावतात. ४७० ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर दोन इन्सुलेटेड क्लिपांना जोडून ठेवा आणि तो टर्मिनलवर लावा. ५० व्होल्टला भरलेला १०,००० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साधारण २५ सेकंदांत रिकामा होतो. मग मीटरने खात्री करा. पॉवर स्विचच्या आणि फ्यूजच्या पायांवर सेट बंद असतानाही २३० व्होल्ट असू शकतं, म्हणून काम करताना प्लग नेहमी बाहेर. चालू सेटमध्ये मोजमाप घ्यायचं असेल तर एक हात पाठीमागे ठेवा. पायात रबरी चप्पल आणि घरात दुसरं कुणीतरी जागं असू द्या.

व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते, एक बाजू जाते. काय करू?

कंट्रोलच्या आतल्या कार्बनच्या पट्टीवर मळ बसलाय. डीऑक्सिटसारखा कॉन्टॅक्ट क्लीनर पॉटच्या (म्हणजे या फिरत्या कंट्रोलच्या) फटीतून अगदी थोडा मारा आणि सेट बंद असताना तो या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्यातलं डब्ल्यूडी-४० वापरू नका. त्याचा तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो. टेप मॉनिटर, मोड, स्पीकर ए-बी अशी सगळी बटणंही याच वेळी साफ करा. गायब झालेला चॅनेल पुष्कळदा टेप मॉनिटरच्या मळक्या स्विचमध्ये अडकलेला असतो.

कमी आवाजात एक बाजू जाते आणि व्हॉल्यूम वाढवल्यावर परत येते, असं असेल तर रिलेचे संपर्क काळे पडलेत. घासू नका, तेवढ्याच कॉइल व्होल्टेजचा नवा रिले बसवा.

सगळे कंडेन्सर बदलायचेच का?

सरसकट नाही. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरमधलं द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने आटतं, त्यामुळे चाळीस वर्षांचे इलेक्ट्रोलायटिक संशयितच. फिल्म आणि सिरॅमिक सहसा ठणठणीत असतात, त्यांना हात लावू नका.

माझा क्रम असा: पॉवर सप्लायचे लहान कंडेन्सर आधी, कारण ते रेग्युलेटरच्या गरम रेझिस्टरशेजारी बसून भाजलेले असतात. मग सिग्नलच्या वाटेतले कपलिंग कंडेन्सर. मोठे फिल्टर कंडेन्सर शेवटी, तेही माथा फुगला असेल, बुडाशी द्रव झिरपलं असेल किंवा हम (सतत ‘घूं’ असा आवाज) येत असेल तर.

बदलताना व्होल्टेज मूळ इतकं किंवा जास्त, तापमान १०५ अंशांचं. मूल्य तेवढंच ठेवा, फिल्टरच्या बाबतीत २० टक्क्यांपर्यंत वर चालतं. १०,००० च्या जागी ३३,००० टाकले की बास गडगडेल ही समजूत घातक आहे. चालू करताना रेक्टिफायर आणि स्विचवर येणारा धक्का त्याने कित्येक पट वाढतो. १ किंवा २.२ मायक्रोफॅरडच्या कपलिंगच्या जागी फिल्म कंडेन्सर बसवला तर मात्र फायदा टिकतो, तो आयुष्यभर आटत नाही.

निचिकॉन, पॅनासॉनिक, रुबिकॉन हे चांगले. आपल्या केरळ सरकारच्या केल्ट्रॉनचे इलेक्ट्रोलायटिकही कन्नूरमध्ये बनतात. खरेदी अधिकृत वितरकाकडून करा, नव्या वेष्टणात जुना माल बाजारात सर्रास मिळतो. एकावेळी एकच बदला, आधी फोटो काढा. नव्या कंडेन्सरवरचा पट्टा उणे पाय दाखवतो, पण प्लेटवरची खूण काही कंपन्या अधिकची करतात आणि काही उण्याची. त्यामुळे जुना कसा बसला होता तेच प्रमाण.

सॅन्सुईसारख्या जपानी सेटमध्ये आणखी एक गोष्ट बघा. मोठे भाग हलू नयेत म्हणून कारखान्यात लावलेला गोंद सुरुवातीला फिकट पिवळसर असतो. उष्णतेने तो गडद तपकिरी, ठिसूळ होतो आणि थोडा वीजवाहकही. त्याखालचे रेझिस्टरचे पाय हिरवे पडून कुरतडले जातात. लाकडी काडीने हळूहळू खरवडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. कधीकधी मधूनच येणारा कर्कश आवाज एवढ्यानेच जातो. तसंच २एससी४५८ सारख्या छोट्या ट्रान्झिस्टरचे चांदीचे पाय काळे पडलेले दिसले तर पावसाच्या सरीसारखा सतत येणारा आवाज तिथूनच येत असण्याची शक्यता आहे.

गाणं बंद असताना ‘घूं’ असा आवाज येतो. कुठून येतो?

आधी तो कोणता ते ओळखा. ५० हर्ट्झचा खोल, गोल आवाज बहुधा बाहेरचा असतो: अर्थ लूप, तुटलेलं शील्ड, सेट-टॉप बॉक्सची केबल. केबलची वायर उपसून बघा, थांबला तर गुन्हेगार सापडला. १०० हर्ट्झचा जरा करकरीत आवाज रेक्टिफायरनंतरचा, म्हणजे थकलेल्या फिल्टर कंडेन्सरचा.

आपल्या संगीतासाठी या दुसऱ्या आवाजाचा बंदोबस्त करायलाच हवा. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याचा मंद्र पंचम १०४ हर्ट्झच्या आसपास असतो. अ‍ॅम्पचा १०० चा हम त्याच्या अगदी जवळ, पण बेसूर वाजतो आणि पंचमाची तार सतत किंचित उतरल्यासारखी वाटते. रॉक ऐकणाऱ्याला जे जाणवणारही नाही, ते ख्याल ऐकणाऱ्याला पहिल्या आलापातच बोचतं. अ‍ॅम्प पारखायचा असेल तर नुसत्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग हळू आवाजात लावा.

बायस आणि डीसी ऑफसेट घरी लावता येतं का?

मॅन्युअल हाती असेल तर येतं. डीसी ऑफसेट म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवरचं डीसी, ते वर सांगितल्याप्रमाणे मोजायचं. बायससाठी आउटपुट ट्रान्झिस्टरच्या एमिटर रेझिस्टरवर मीटर लावून मिलीव्होल्ट मोजायचे. ०.४७ ओहमवर १० मिलीव्होल्ट म्हणजे साधारण २१ मिलीअँपिअर. सेट किमान १५ मिनिटं तापू द्या, व्हॉल्यूम शून्यावर, स्पीकर काढलेले. जुन्या उघड्या प्रीसेटला (स्क्रू ड्रायव्हरने फिरवायच्या छोट्या रेझिस्टरला) धक्का लावण्यापूर्वी तो बदलून बंद, अनेक फेऱ्यांचा प्रीसेट बसवा. जुन्याचा सरकता संपर्क क्षणभर सुटला तरी काही सर्किटांत करंट एकदम चढतो आणि ट्रान्झिस्टर जातात. प्रोब सटकला तरी तेच होतं, म्हणून टोकदार प्रोबऐवजी छोट्या क्लिपा लावा.

आउटपुट ट्रान्झिस्टर किंवा एसटीके आयसी गेलाय. बाजारातला टाकू का?

इथे फसवणूक सर्वांत जास्त होते. २एससी५२०० आणि २एसए१९४३ या जोडीच्या आणि सान्योच्या एसटीके आयसीच्या (पॉवरचं सगळं सर्किट एकाच तुकड्यात) नकला ढिगाने मिळतात. वरून हुबेहूब, आत छोटीशी चिप. जुन्या २एन३०५५ बाबतही हेच. अधिकृत वितरकाचं बिल असेल तरच घ्या. बसवताना अभ्रकाचा तुकडा आणि दोन्ही बाजूंना हीटसिंक पेस्टचा पातळ थर द्या, मग ट्रान्झिस्टरची बॉडी आणि हीटसिंक यांच्यात शॉर्ट नाही ना, हे मीटरने बघा. ट्रान्झिस्टर जळला की त्याआधीचा ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टरही तपासा. पहिला चालू सिरीज बोर्डवरच. ज्या सेटचा एसटीके आता अस्सल मिळतच नाही, तो सेट मी विकत घेणार नाही.

मोबाईल, टीव्ही, ब्लूटूथ कसं जोडू?

ऑक्स, ट्यूनर किंवा टेप यांपैकी कुठेही. फोनोमध्ये कधीच नाही. ते इनपुट रेकॉर्ड प्लेअरच्या काही मिलीव्होल्टसाठी असतं.

जुन्या फिलिप्स किंवा युरोपीय धाटणीच्या सेटवर पाच पायांचं गोल डीआयएन सॉकेट असतं. त्यात मधला, म्हणजे २ नंबरचा पाय ग्राउंड, ३ डावा आणि ५ उजवा. १ आणि ४ रेकॉर्डिंगसाठी. एवढं कळलं की आरसीएची वायर घरी डाखता येते, सॉकेट कापायची गरज नाही.

दुसरी अडचण पातळीची. हे इनपुट साधारण १५० मिलीव्होल्टला पूर्ण आवाज देतात आणि आजचे सीडी प्लेअर व डॅक (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणारं उपकरण) २ व्होल्ट सोडतात. त्यामुळे व्हॉल्यूमची खूण घड्याळातल्या आठच्या जागेपुढे नेता येत नाही आणि तिथेच डाव्या-उजव्यात सर्वाधिक तफावत असते. वायरमध्ये सिग्नलला १० किलोओहम सिरीजमध्ये आणि त्यानंतर ग्राउंडला ४.७ किलोओहम, एवढे दोन रेझिस्टर प्रत्येक चॅनेलला लावले की पातळी सुमारे १० डेसिबल उतरते. या काळातल्या अ‍ॅम्पवर करण्यासारखी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सुधारणा हीच. ती अ‍ॅम्पच्या बाहेर होते, हे आणखी चांगलं.

ब्लूटूथचं बोर्ड झाकणाच्या आत बसवू नका. त्याच्या सप्लायची शिट्टी फोनोच्या सर्किटमध्ये शिरते. बाहेरचा छोटा रिसीव्हर पुरतो.

ऑपअँप बदलला की आवाज ‘खुलतो’ म्हणतात. खरंय?

ऐंशीच्या दशकातल्या काही सेटमध्ये ४५५८ हा ऑपअँप (सिग्नल वाढवणारा छोटा आयसी) असतो, त्याजागी एनई५५३२ टाकला तर फोनोचा ‘स्स्’ आवाज कमी होऊ शकतो. पण हा आयसी जास्त करंट घेतो आणि वेगवान आहे. सप्लायच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरड लावला नाही तर ऐकू न येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर थरथरत राहतो आणि तापतो. ऑसिलोस्कोप हाताशी नसेल तर मूळचाच राहू द्या.

कोणते बदल करू नयेत?

पाठीमागचा पत्रा कापून मोठे टर्मिनल बसवणं, टोन कंट्रोल कायमचा तोडणं, मूळ डायल काढून निळे एलईडी लावणं. चार ओहमच्या स्पीकरचे दोन जोड ए आणि बी वर एकत्र चालवणंही नको. बहुतेक सेटमध्ये ते समांतर जोडले जाऊन दोन ओहम होतात.

ठेवायचा कुठे?

वर किमान चार-पाच इंच मोकळी जागा, आणि त्यावर भरतकामाचा रुमाल घालू नका, कितीही सुंदर असला तरी. कोकणात आणि मुंबईत पावसाळाभर बंद ठेवलेल्या सेटचे स्विच आणि रिले आधी जातात. आठवड्यातून तास-दीड तास गाणं लावा, आतली ऊब ओल घालवते.

काढलेले जुने भाग टाकून देऊ का?

ठेवा. एका पिशवीत भाग, कागदावर तारीख, कुठला नंबर काढून कुठला बसवला, दुरुस्तीनंतरचे बायस आणि डीसीचे आकडे. ती पिशवी झाकणाच्या आत ठेवू नका, मॅन्युअलच्या फाइलमध्ये ठेवा. सेट पुढे ज्याच्या हाती जाईल, त्याला ती फाइलही द्या.